सहा सिलिंडरचा डिझेल पंप तीन सिलिंडरच्या इंजिनाला जुळवता येईल का?

भोसरी_वर्कशॉप (प्रश्न)

नमस्कार. दौंड तालुक्यातील एका दूध संकलन केंद्राचा २५ केव्हीएचा जुना जनरेटर दुरुस्तीसाठी आमच्याकडे भोसरीला आला आहे. इंजिन तीन सिलिंडरचे, पाण्यावर थंड होणारे आणि डायरेक्ट इंजेक्शनचे आहे. बोअर १०५ मिमी आणि स्ट्रोक १२० मिमी, म्हणजे एकूण क्षमता सुमारे ३.१ लिटर भरते. ते मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालते आणि त्याचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२ आहे. लायनर, पिस्टन आणि हेड उत्तम अवस्थेत आहेत. मात्र इंजेक्शन पंपाचे (सिलिंडरना दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाचे) हाउसिंग ड्राइव्हकडच्या बेअरिंगपाशी तडकले असून कॅमशाफ्टही कामातून गेला आहे. त्या जातीचा पंप आता नवा मिळत नाही आणि जुन्या बाजारात दोन-तीन आठवडे चौकशी करूनही हाती काही लागले नाही.

आमच्याकडे टाटा ६९७ इंजिनावरचा सहा एलिमेंटचा (प्रत्येक सिलिंडरसाठी प्लंजर आणि बॅरलची एक जोडी असलेला) मायको इनलाइन पंप चालू अवस्थेत पडून आहे. त्याच्या पाटीवर पीईएस ६ ए ९०, म्हणजे सहा एलिमेंट, ए साइज आणि ९ मिमी प्लंजर, अशी सुरुवात असलेला क्रमांक आहे. मूळ पंपाचे प्लंजर ८ मिमीचे होते. हा सहाचा पंप तीन सिलिंडरवर चालवायचा झाल्यास कोणती तीन तोंडे वापरावीत, उरलेली तीन तोंडे डमी नट लावून बंद करावीत काय, आणि मूळ टायमिंग तसेच ठेवावे काय, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. एका मित्राने चार सिलिंडरचा पंप घेऊन त्याचे एक तोंड बंद करण्याचा सोपा उपाय सुचवला आहे. तो मला पटलेला नाही, पण नेमके कारण सांगता आले नाही.

रॅक_आणि_स्लीव्ह

मित्राचा उपाय आधी निकालात काढतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात पंपाचा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि त्याच्या एका फेऱ्यात प्रत्येक सिलिंडरला एकदाच डिझेल मिळते. त्यामुळे कॅमचे लोब (प्लंजर उचलणारे उंचवटे) एकमेकांपासून किती अंशांवर आहेत, यावर सारे अवलंबून असते. चारच्या पंपात हे अंतर ९० अंश असते, सहाच्या पंपात ६० अंश, आणि तीन सिलिंडरच्या इंजिनाला १२० अंश हवेत. नव्वदच्या पटीत एकशेवीस कधीच बसत नाही, म्हणून चारच्या पंपाचे कोणतेही तोंड बंद केले तरी निदान एका सिलिंडरला डिझेल पंपाच्या मोजणीने तीस अंश, म्हणजे क्रँकवर साठ अंश, चुकीच्या वेळी मिळणार. असे इंजिन चालणार नाही, आणि चाललेच तर पिस्टन जाळील. ड्राइव्हच्या गिअरचे गुणोत्तर बदलूनही हे साधत नाही, कारण मग दोन फेऱ्यांत एकदा हा मूळ हिशोबच मोडतो.

सहाच्या पंपाबाबत मात्र तुम्ही नशीबवान आहात. ६९७ चा फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ आहे. त्यातला एक सोडून एक घेतला तर १, ३ आणि २ हे एलिमेंट बरोबर १२० अंशांच्या अंतराने येतात, आणि तुमच्या इंजिनाचा ऑर्डरही १-३-२ हाच आहे. म्हणजे पंपाच्या ड्राइव्हकडून मोजलेल्या पहिल्या तीन तोंडांचे पाइप त्याच क्रमांकाच्या सिलिंडरना सरळ जोडता येतात आणि मागचा अर्धा पंप रिकामा राहतो. एवढे मात्र तपासा की तुमच्या इंजिनावर पंप त्याच दिशेने फिरतो ना. पाटीवरच्या क्रमांकात दिशेचे अक्षर असते, आर म्हणजे ड्राइव्हकडून पाहताना उजवीकडे आणि एल म्हणजे डावीकडे. दिशा उलटी असेल तर १-३-२ चे १-२-३ होईल आणि दोन पाइपांची अदलाबदल करावी लागेल. मात्र कॅमच्या दोन्ही बाजू सारख्या घडवलेल्या असतीलच असे नाही, म्हणून उलटा फिरवण्यापूर्वी कॅमशाफ्ट बाहेर काढून पाहावा.

उरलेल्या तोंडांवर डमी नट लावू नका. प्लंजर वर येताना बॅरलमधले डिझेल कोंडले गेले तर दाब कुठवर चढेल याला धरबंध राहत नाही. आधी टॅपेटचा (कॅम आणि प्लंजर यांच्यामधल्या भागाचा) रोलर किंवा कॅम जाईल, नाहीतर डिलिव्हरी व्हॉल्व्हचे होल्डर फाटेल. माझ्या मते सर्वात स्वच्छ उपाय असा की चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या एलिमेंटचे कंट्रोल स्लीव्ह (प्लंजर फिरवून डिझेलचे माप ठरवणारे) फिरवून ते शून्य डिलिव्हरीवर ठेवावेत. मग प्लंजर वरखाली होत राहतील, पण डिझेल गॅलरीतच (पंपातल्या डिझेलच्या पोकळीतच) परत जाईल.

डिझेल_पंप_हडपसर

वरील उत्तरातला लोबांचा हिशोब अचूक आहे, पण स्लीव्ह शून्यावर ठेवण्याच्या सूचनेशी मी सहमत नाही. ए साइजच्या पंपात स्लीव्हवर दात असलेला क्वाड्रंट स्क्रूने आवळलेला असतो आणि तो रॅकमध्ये, म्हणजे सर्व स्लीव्ह एकत्र फिरवणाऱ्या दांड्यात, अडकलेला असतो. रॅक सरकला की सगळे स्लीव्ह सारखेच फिरतात. क्वाड्रंट ढिला करून स्लीव्ह आज शून्यावर आणला, तरी रॅक पूर्ण लोडकडे सरकताच तो पुन्हा डिलिव्हरी देऊ लागेल. क्वाड्रंट काढूनच टाकला तर स्लीव्हला धरून ठेवणारे काही उरत नाही आणि कंपनाने तो कुठेही फिरू शकतो. म्हणजे ज्या तोंडातून काही येत नाही असे तुम्ही गृहीत धरले आहे, तिथून एखाद्या दिवशी डिझेल येऊ लागेल.

काही जण त्या तीन एलिमेंटचे प्लंजर आणि टॅपेटच काढून टाकतात. त्यातही गोम आहे. बॅरल जागेवर ठेवून प्लंजर काढला तर गॅलरीतले डिझेल बॅरलच्या भोकातून थेट कॅमच्या तेलात उतरते. तेल पातळ होते, पातळी वाढते, आणि पंपाला इंजिनाचे तेल मिळत असेल तर तेच पातळ तेल पुढे क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते. टॅपेट वर उचलून खिळवून ठेवण्याची युक्तीही मी पाहिली आहे. तिचा धोका वेगळा आहे. न हलणारा प्लंजर काही महिन्यांत डिझेलच्या चिकट थराने बॅरलमध्ये धरला जातो, तो धरला की त्याचा स्लीव्ह फिरत नाही, आणि स्लीव्ह फिरला नाही की रॅक अडकतो. रॅक भरलेल्या लोडवर अडकला आणि त्याच क्षणी लोड सुटला, तर इंजिन सुसाट सुटते आणि मग वेग सांभाळणारा गव्हर्नर असून नसल्यासारखा होतो.

म्हणून सहाही एलिमेंट जसेच्या तसे चालू द्यावेत आणि मागच्या तिन्ही तोंडांना आखूड पाइप लावून ते एका मोठ्या रिटर्न लाइनमध्ये, तिथून टाकीत, मोकळे सोडावेत. दाब नसल्यामुळे कॅमवर भार येत नाही, प्लंजर सतत ओले राहतात आणि रॅक मोकळा राहतो. टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप मूळचा सहा सिलिंडरचा असल्याने दुप्पट डिझेल पुरवायला त्याला त्रास होत नाही. हा रिटर्न फीड पंपाच्या सक्शनमध्ये जोडण्याचा मोह होतो, तो टाळावा. तेच ते डिझेल फिरत राहून गरम होते आणि त्यात हवेचे बुडबुडे राहतात. टाकीतही रिटर्नचे तोंड सक्शनच्या तोंडापासून दूर ठेवावे. लाइन कुठेही दबलेली नसावी आणि तिच्यात कॉक तर मुळीच नसावा, कारण दुसऱ्या एखाद्या मेकॅनिकने तो बंद केला की पुन्हा डमी नटाचीच गत होईल.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलेलाच नाही. त्या पंपाच्या मागे गव्हर्नर कोणता आहे? सिलिंडर कमी करण्याचे काम अर्ध्या दिवसाचे आहे. जनरेटर नीट चालेल की नाही हे गव्हर्नर ठरवतो. वाहनाच्या पंपावर आरक्यू जातीचा गव्हर्नर असेल, तर तो फक्त दोन टोके सांभाळतो, आयडलिंग आणि कमाल वेग. मधल्या वेगांवर रॅक थेट ड्रायव्हरच्या पायाच्या ताब्यात असतो. ट्रकमध्ये ते सोयीचे असते. जनरेटरवर मात्र मधल्याच एका वेगावर इंजिन लोड बदलला तरी स्थिर राहावे लागते, आणि तिथे आरक्यू काहीच करत नाही. दूध थंड करणाऱ्या युनिटचा कॉम्प्रेसर बंद झाला की इंजिन कमाल वेगाच्या मर्यादेपर्यंत धावत सुटेल, आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की बसेल. पाटीवर दोन वेगांच्या आकड्यांमध्ये तिरकी रेघ असेल तर तो दोन टोकांचा गव्हर्नर समजावा. आरएसव्ही असेल, तर तो सर्व वेगांवर नियंत्रण ठेवणारा असल्याने काम करता येईल.

भोसरी_वर्कशॉप

आपले मनापासून आभार. पाटी घासून पाहिली. गव्हर्नर आरएसव्ही आहे आणि त्याची वरची मर्यादा पंपाचे १४०० फेरे अशी दिसते. फिरण्याची दिशा दोन्ही पंपांची एकच आहे. मग केवळ लिव्हर पंपाच्या ७५० फेऱ्यांवर (इंजिनाच्या १५०० च्या निम्म्यावर) बांधून ठेवला तर पुरेसे होईल काय? शिवाय आमच्या पंपाच्या कपलिंगपाशी टायमिंग ॲडव्हान्सचे (वेग वाढला की इंजेक्शन आधी आणणारे) युनिट आहे, जे मूळ पंपावर नव्हते. आणि ९ मिमी प्लंजरमुळे डिझेल जास्त जाईल, अशी शंका वाटते.

डिझेल_पंप_हडपसर

लिव्हर बांधून इंजिन चालेल, पण व्होल्टमीटरकडे पाहणाऱ्याला समाधान मिळणार नाही. गव्हर्नरच्या वजनांचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १४०० फेऱ्यांवर जे बल मिळते, त्याच्या तीस टक्क्यांहूनही कमी ७५० वर मिळते. वरच्या वेगासाठी निवडलेली स्प्रिंग आणि वजने अशा कमी वेगावर वापरली, की लोड असताना आणि नसताना यांच्या वेगात मोठी तफावत पडते, किंवा इंजिन हंटिंग करू लागते, म्हणजे त्याचा वेग सतत वरखाली होत राहतो. चार पोलच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी बरोबर १५०० फेरे लागतात. पूर्ण लोडवर १५०० आणि रिकाम्यावर १५७५, म्हणजे पाच टक्के ड्रूप, इतपत चालते. कॉम्प्रेसरची मोटर आणि कंट्रोल पॅनेल ते सहन करतात. त्यापुढे गेले तर तक्रारी येतात.

म्हणून आरएसव्हीचे घर तेच ठेवून आतली स्प्रिंग आणि वजने जनरेटरच्या वेगाला साजेशी घालून घ्या. तुमच्या तडकलेल्या पंपाचा गव्हर्नर आरएसव्हीच असेल आणि आतून शाबूत असेल, तर त्याचेच भाग मिळतात का ते आधी पाहा, कारण ते १५०० फेऱ्यांसाठीच निवडलेले असणार. त्यानंतर आरएसव्हीमधल्या ड्रूपच्या स्क्रूने बारीक जुळवणी टेस्ट बेंचवर करता येते. हे काम इंजिनावर बसवून अंदाजाने करण्याचे नव्हे.

ॲडव्हान्सचे युनिट काढून टाका आणि साधे कपलिंग बसवा. एकाच वेगावर चालणाऱ्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही, आणि ते ठेवले तर उभ्या इंजिनावर लावलेले टायमिंग चालू इंजिनावर वेगळेच निघेल. मात्र कपलिंगची लांबी बदलल्यामुळे पंप पुढेमागे सरकेल, शिवाय सहाचा पंप लांबीने आणि वजनाने मोठा आहे. त्याला मागच्या टोकाला स्वतंत्र आधार द्या. निव्वळ पुढच्या फ्लँजवर लटकवला, तर आत्ता जे हाउसिंग तडकले तसेच दुसरे तडकवण्याची तजवीज होईल.

कोथरूड_इंजिन_शिक्षक

प्लंजरच्या शंकेचा हिशोब मांडतो, कारण या बाबतीत नेहमी चुकीच्या दिशेने विचार होतो. पंप किती सिलिंडरच्या इंजिनाचा होता यापेक्षा त्या इंजिनाचा एक सिलिंडर केवढा होता, हे महत्त्वाचे असते. ६९७ चा बोअर ९७ मिमी आणि स्ट्रोक १२८ मिमी, म्हणजे एका सिलिंडरची क्षमता सुमारे ९४६ घन सेंटिमीटर. तुमच्या इंजिनाचा एक सिलिंडर सुमारे १०३९ घन सेंटिमीटरचा आहे. दोन्ही एकाच पंक्तीत बसतात, म्हणून एलिमेंट मूलतः योग्य मापाचा आहे. फार लहान सिलिंडरच्या इंजिनाचा पंप आणला असता, तर लोबांचा हिशोब जुळूनही इंजिन दमले असते.

आता प्रत्यक्ष किती डिझेल लागते ते पाहू. २५ केव्हीए आणि ०.८ पॉवर फॅक्टरला अल्टरनेटर २० किलोवॉट देतो. त्याचे नुकसान धरून इंजिनाने सुमारे २२ किलोवॉट द्यायला हवेत. अशा इंजिनाला दर किलोवॉट-तासाला २३० ग्रॅम डिझेल लागते असे धरले, तर तासाला सुमारे ५ किलो, म्हणजे जवळपास ६ लिटर डिझेल होते. १५०० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला ७५० वेळा आणि तिघांना मिळून तासाला १,३५,००० वेळा इंजेक्शन होते. भागाकार केला की प्रत्येक वेळी सुमारे ४५ घन मिलिमीटर येतात. बेंचवर पूर्ण लोडचा स्टॉप (रॅकला त्यापुढे जाऊ न देणारा अडथळा) याच आकड्याच्या आसपास, पंपाच्या ७५० फेऱ्यांवर, लावून घ्यावा आणि तो सील करावा. ट्रकसाठी लावलेला स्टॉप तसाच ठेवू नये. जास्त डिझेल जाईल ही भीती प्लंजरपेक्षा या स्टॉपमुळे खरी ठरते.

प्लंजरच्या जाडीने फरक पडतो तो वेळेत. ८ मिमी प्लंजरचे क्षेत्रफळ सुमारे ५०.३ चौरस मिमी, ९ मिमीचे ६३.६. तेच ४५ घन मिमी द्यायला पहिल्याला सुमारे ०.९ मिमी परिणामकारक स्ट्रोक लागत असे, दुसऱ्याला ०.७ मिमी पुरतो. म्हणजे डिझेल कमी अंशांत, अधिक जोराने सिलिंडरमध्ये शिरते. इंजिनाच्या पुस्तकात दिलेले टायमिंग सुरुवातीला तेवढेच ठेवावे, मात्र इंजिन कडक वाजू लागले तर एक-दोन अंश मागे घ्यायला हरकत नाही. याउलट धूर पांढरा राहिला आणि इंजिन मऊ वाजले, तर मागे घेतलेले परत द्यावे.

टायमिंग लावण्याची पद्धत स्पिल कट-ऑफचीच ठेवा. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून रॅक पूर्ण डिलिव्हरीकडे धरावा, पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून त्या जागी वाकडी नळी लावावी, आणि गॅलरीत डिझेल सोडून फ्लायव्हील हळूहळू फिरवावे. नळीतली धार थेंबांवर येऊन थांबते, तो पोर्ट (बॅरलचे भोक) बंद होण्याचा क्षण. रॅक स्टॉपकडे असताना हे पाहिले तर धार थांबतच नाही आणि पंप खराब आहे असा गैरसमज होतो. विद्यार्थ्यांना हे शिकवताना पहिल्या तासाचा निम्मा वेळ या एकाच गोष्टीवर जातो.

हाय प्रेशर पाइप मूळ इंजिनाच्याच आतल्या व्यासाचे आणि तिन्ही एकाच लांबीचे घ्यावेत. नव्या पंपाची जागा सरकल्यामुळे एक पाइप आखूड आणि एक लांब करण्याचा मोह होईल. तो आवरावा आणि जास्तीची लांबी वळणात घालवावी. डिलिव्हरी व्हॉल्व्ह इंजेक्शननंतर पाइपमधला दाब एका ठरावीक मापाने खाली आणतो. पाइपचे आकारमान फार बदलले की ते माप चुकते आणि नोझल शेवटी थेंब गाळते. नोझल आणि त्यांचा उघडण्याचा दाब मात्र तुमच्या इंजिनाचाच हवा, ६९७ चा नव्हे, कारण फवाऱ्याची भोके तुमच्या पिस्टनच्या खळग्यासाठी आखलेली असतात.

शिरूर_शेतकरी

विषयाला धरूनच एक विचारतो. माझ्याकडे दोन सिलिंडरचे इंजिन आहे आणि चारचा पंप मिळतो आहे. हाच नियम लावून एक सोडून एक तोंड घ्यावे काय?

रॅक_आणि_स्लीव्ह

ते तुमच्या क्रँकवर अवलंबून आहे. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येत असतील, तर फायरिंग दर ३६० अंशांनी होते. मग १-३-४-२ ऑर्डरच्या पंपाची समोरासमोरची तोंडे, म्हणजे १ आणि ४, घ्यावीत. एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असेल, तर फायरिंग १८० आणि ५४० अंशांच्या विषम अंतराने होते, आणि मग लागोपाठची दोन तोंडे लागतात. पहिल्या सिलिंडरनंतर लगेच दुसरा पेटत असेल, तर १ चे तोंड पहिल्याला आणि ३ चे दुसऱ्याला. हेड न काढता इंजेक्टरच्या भोकातून तार सोडून पिस्टनची हालचाल पाहता येते.

स्लीव्ह शून्यावर ठेवण्याबाबत वर घेतलेला आक्षेप मला मान्य आहे. रिटर्नचाच उपाय करावा.

भोसरी_वर्कशॉप

मूळ पंपाचा गव्हर्नर उघडून पाहिला. तोही आरएसव्हीच असून वजने आणि स्प्रिंग शाबूत आहेत. दोन्ही पंप हाउसिंगसह बेंचवर पाठवतो आहे. तिथे आणखी काय सांगून ठेवावे?

डिझेल_पंप_हडपसर

फक्त पहिल्या तीन एलिमेंटचे कॅलिब्रेशन (डिलिव्हरी सारखी करणे) आणि फेजिंग (त्यांच्यातले अंशांचे अंतर जुळवणे) मागा. डिलिव्हरीतला फरक पूर्ण लोडवर दोन-तीन टक्क्यांच्या आत आणि फेजिंग टॅपेटच्या स्क्रूने अर्ध्या अंशाच्या आत आणून घ्या. मागच्या तिघांची डिलिव्हरी जुळवण्यावर पैसे घालवू नका, पण त्यांचे प्लंजर रॅकसोबत हाताने सहज फिरतात याची खात्री मात्र करवून घ्या.

पहिल्यांदा सुरू करताना एअर क्लीनर काढून ठेवा आणि सक्शनच्या तोंडावर बसेल असा जाड प्लायवुडचा तुकडा एका माणसाच्या हातात द्या. रॅक कुठे अडकलाच, तर हवा बंद करणे हा एकच भरवशाचा उपाय उरतो. हाय प्रेशर पाइपची गळती बोटाने तपासू नये, ती धार कातडी भेदून आत जाते. पुठ्ठा धरून पाहावे. इंजिन तापल्यावर लोड पायरीपायरीने चढवा आणि प्रत्येक पायरीला लोड एकदम तोडून वेग किती चढतो व किती वेळात स्थिरावतो ते पाहा.

आणखी एक, दूध केंद्राच्या माणसाला सांगून ठेवा. पूर्ण लोडवर मागच्या तीन एलिमेंटमधून जवळपास तेवढेच, म्हणजे तासाला सहा लिटरच्या आसपास, डिझेल टाकीत परत जात राहील. डिझेलचा खप सप्लायच्या लाइनवर मीटर लावून मोजला, तर तो दुप्पट दिसेल आणि इंजिन डिझेल खाते अशी तक्रार घेऊन तो परत तुमच्याकडे येईल. खप टाकीच्या पातळीवरूनच मोजायला सांगा.